धूर कधी निघतो, ते आधी सांगा

पत्राचा गोषवारा: वरुड तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणारे २९ वर्षांचे, घरची संत्र्याची बाग. दारात २००८ ची पेट्रोल जिप्सी. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका गॅरेजमधून त्यांनी तिला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा ब्लोअर) बसवून आणला. सोबत मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि कंपनीच्या ईसीयूला (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीचा संगणक) जोडलेला एक वरचा ईसीयू. सुरुवातीला गाडी झकास पळाली. पोळ्यानंतर सायलेन्सरचं तोंड काळं पडायला लागलं, आणि दिवाळीपासून रोज सकाळी अंगणात काळा धूर, डोळ्यांना झोंबणारा पेट्रोलचा वास. अ‍ॅव्हरेज दहावरून सहावर आलं. प्लग दोनदा बदलले, एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर एकेकदा. गावचे मिस्त्री म्हणतात, "हा ब्लोअरच काढून टाका." पुण्याचा ट्यूनर (ईसीयूतला पेट्रोलचा हिशेब, म्हणजे फाइल, बांधणारा) फोनवर म्हणतो, "नवीन फाइल पाठवतो, सगळीकडे १२ टक्के पेट्रोल कमी करू." चुलतभावाच्या मते हे सगळं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे. वडील म्हणतात, भंगारात घाला. प्रश्न असा: यांच्यातल्या कोणाचं ऐकू?

---

भाऊ, चौघांनीही तुम्हाला उपाय सांगितलाय, पण एकानंही विचारलं नाही की धूर नेमका कधी निघतो. म्हणून या घडीला तरी मी कोणाचंच ऐकणार नाही. उलट, तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही सहज दोन वाक्यं लिहून गेलात, त्यांवर मी अडकलो. एक, "मे महिन्यात गाडी गरम होत होती म्हणून मिस्त्रींनी वॉल्व्ह काढून टाकला." दुसरं, "श्रावणात हेडर तडकला, तो वेल्डिंग करून घेतला." (हेडर म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप.) आणि त्याआधी कुठंतरी आलंय की गाडी रोज सकाळी तीन किलोमीटरवरच्या बागेत जाते. माझ्या मते तुमचा आजार या तीन गोष्टींत आहे. इथं बसून खात्री देता येणार नाही, पण सुरुवात तिथूनच करा.

आधी एक समजूत जरा हलवून बघू. "मिक्श्चर रिच आहे", म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त आहे, हे तुम्ही ताप आल्यासारखं लिहिलंय, गाडीला रिच झालंय आणि ते उतरवायचं. पण सुपरचार्जर लावलेली गाडी काही वेळा रिच असलीच पाहिजे. शुद्ध पेट्रोलचं पुस्तकी प्रमाण एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, वजनानं. सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं चालताना गाडी याच्या आसपास राहते. पण ब्लोअर हवा कोंबायला लागला, म्हणजे बूस्ट आला, की ट्यूनर मुद्दाम साडेअकरा-बाराच्या आसपास ठेवतात. जास्तीचं पेट्रोल तिथं इंजिन थंड ठेवण्याचं काम करतं. म्हणजे मोर्शी रोडवर ट्रकला ओव्हरटेक करताना मागं थोडा काळसर धूर दिसला, तर तो आजार नाही. अंगणात उभ्या गाडीतून निघतो तो आजार.

म्हणून चार दिवस एक वही ठेवा. पहाटे थंड इंजिन चालू केल्यावर धूर किती, अर्ध्या तासानं गरम झाल्यावर स्लोवर (उभ्या गाडीत, पाय न दाबता) किती, एका वेगानं चालताना वास येतो का, आणि पाय दाबल्यावर काय होतं. फक्त थंडीत रिच असेल तर वाट एक. गरम झाल्यावर स्लोवर रिच असेल तर वेगळी. फक्त बूस्टमध्ये असेल तर आणखी वेगळी. तुमच्या पत्रातून मला दिसतं ते असं की सकाळी सगळ्यात वाईट, आणि दिवाळीपासून म्हणजे थंडी पडल्यापासून वाढलं. ब्लोअर तर उन्हाळ्यातही होता. तेव्हा धूर नव्हता.

आता त्या वॉल्व्हकडे येतो. मिस्त्री ज्याला वॉल्व्ह म्हणतात तो थर्मोस्टॅट. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला, गाडी तापली की पहिला बळी याचाच जातो. काढून टाकला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, काटा खाली येतो आणि गिऱ्हाईक खूश. मिस्त्रींना मी दोष देत नाही. मे महिन्यात भर दुपारी गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला घरी पाठवायचं असतं त्यांना. पण थर्मोस्टॅटचं काम इंजिन थंड ठेवणं नाही. इंजिनला लवकर गरम करून ८०-९० अंशांच्या आसपास धरून ठेवणं हे त्याचं काम. तो नसेल तर डिसेंबरच्या सकाळी तीन किलोमीटरमध्ये पाणी कोमटच राहतं. ईसीयूला पाण्याचा सेन्सर सांगतो, इंजिन अजून थंड आहे, आणि ईसीयू इमानेइतबारे जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही म्हणून तसं सोडावंच लागतं. जुन्या स्कूटरचा चोक ओढून बागेपर्यंत जावं, तसं तुमचं रोज चाललंय.

तुमच्या गाडीत यात आणखी भर आहे. मोठे इंजेक्टर बसवले की प्रत्येक ठिकाणचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. गॅरेजवाले गाडी डायनोवर (जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण तापवून, पाय दाबून, बूस्टचा भाग मन लावून बांधतात, कारण गिऱ्हाईक तेच बघायला आलेलं असतं. थंड इंजिनाचा भाग बांधायचा तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा बसावं लागतं, आणि ते बहुतेक ठिकाणी राहून जातं. मे महिन्यात हे तुम्हाला दिसलं नाही, कारण तेव्हा सकाळचं पाणीच अर्धं तापलेलं असतं.

तपासायला काही लागत नाही. सकाळी थंड गाडी चालू करा आणि इंजिनवरून रेडिएटरच्या वरच्या टाकीकडे जाणारा जाड रबरी पाइप हातानं धरा (पंख्यापासून हात आणि गमछा दोन्ही लांब). थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका देतो. नसलेल्यात हळूहळू कोमट होत जातो. नवा थर्मोस्टॅट आणलात तर बसवण्याआधी गंजात (पातेल्यात) पाणी ठेवून, दोऱ्यानं टांगून उकळून बघा. थंड्या पाण्यात बंद, उकळत्यात उघडा, एवढं दिसलं पाहिजे. मग मे महिन्यात पुन्हा तापली तर? तेव्हा रेडिएटर बाहेर काढून धुवा, जाळीतली माती, गवताचं बी, कापसाचे तंतू काढा, पंखा आणि कॅप बघा. ब्लोअरनं इंजिनावरचा उष्णतेचा बोजा वाढवलाय हे खरं आहे, म्हणून रेडिएटर मोठा करायचा विचार करा. वॉल्व्ह मात्र जागेवर राहू द्या.

त्याच बैठकीत पाण्याचा सेन्सरही मोजून घ्या. जिप्सीसारख्या गाड्यांत तो २० अंशांना साधारण अडीच किलोओहम आणि ८० अंशांना साधारण ०.३ किलोओहम दाखवतो. मल्टिमीटर गावातल्या मोटर रिवायंडिंगवाल्याकडे असतोच. सेन्सर चांगला आणि कनेक्टर गंजलेला, हेही फार दिसतं. गंजलेला जोड अडथळा वाढवतो, आणि ईसीयू तो अडथळा थंडी म्हणून वाचतो.

दुसरा संशय हेडरच्या वेल्डिंगवर. इथं गंमत अशी की तुम्ही ऑक्सिजन सेन्सर बदललात, आणि तो बिचारा बहुधा आधीपासून चांगला होता. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजतो. त्याच्या आधी कुठं बारीक चीर असली तर धुराच्या दोन ठोक्यांमध्ये पाइप बाहेरची हवा आत ओढतो. सेन्सर म्हणतो, हवा जास्त झाली. ईसीयू पेट्रोल वाढवतो. सायलेन्सर काळा होतो. नवा सेन्सर लावा, तोही तीच खोटी साक्ष देणार. तुमचा काळेपणा पोळ्यानंतर सुरू झाला आणि वेल्डिंग श्रावणातलं आहे, एवढं जवळचं टायमिंग मी सहसा योगायोग मानत नाही.

हे बघायला दोन माणसं लागतात. थंड इंजिन चालू करायचं, एकानं जाड ओला कपडा घेऊन सायलेन्सरचं तोंड काही सेकंद अर्धवट दाबायचं, दुसऱ्यानं बॉनेटमध्ये कान द्यायचा. चीर असेल तिथं "फुस् फुस्" किंवा "टक् टक्" ऐकू येतं. वेल्डच्या आणि गॅस्केटच्या कडेला काळी रेघ उठली असेल तर ती त्या जागेची सहीच. हे सगळं उघड्यावर करा. गोठ्यात, गोदामात किंवा शटर ओढून अजिबात नाही. रिच गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, त्याला वास नसतो आणि तो माणसाला उठायला वेळ देत नाही.

तिसरं काम पाच मिनिटांचं, आणि ते मी स्वतःच्या फजितीतून सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाडीचे चारही इंजेक्टर मी काढले, धुतले, पुन्हा बसवले, दोन दिवस घालवले. शेवटी सापडलं काय, तर फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची करंगळीएवढी रबरी नळी. तुमच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपवर) तो रेग्युलेटर आहे, त्याला मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांमधून) एक बारीक नळी येते. ती नळी उपसा. आत पेट्रोल ओलं लागलं किंवा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, आणि पेट्रोल इंजेक्टरला बगल देऊन थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय. नळी कोरडी पण तडकलेली किंवा निसटलेली असेल तर स्लोवर पेट्रोलचा दाब हवा त्याहून जास्त राहतो, म्हणजे पुन्हा रिच. ब्लोअर बसवताना या नळ्यांची जागा बदलतात, तेव्हा ही नळी ब्लोअरच्या पुढं, इंजिनच्या बाजूच्या मॅनिफोल्डलाच लागलीय ना, तेही बघा.

प्लग तुम्ही दोनदा बदलले, पण काढलेले बघितले का? चारही सारखे काळे, कोरडी काजळी, तर दोष सगळ्यांना सामाईक आहे: तापमान, दाब, सेन्सर, ट्यून. एकच काळा आणि बाकी तपकिरी, तर त्या एका सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय किंवा तिथं ठिणगी कमी पडतेय. काळा पण तेलकट ओला असेल तर ते पेट्रोल नव्हे, ऑइल आहे, आणि मग ब्लोअरचं सील किंवा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणारी नळी) बघायचा. अशा गाडीचा धूरही निळसर असतो. नवे प्लग लावताना गॅप मोजला का? बूस्टमध्ये हवा दाट असते, ठिणगीला उडी मारायला जड जातं. अशा गाड्यांत गॅप साधारण ०.६ ते ०.६५ मिलिमीटरपर्यंत कमी करतात. गॅप मोठा राहिला तर पाय दाबल्यावर गाडी मिसिंग मारते, न जळलेलं पेट्रोल मागं फेकते, आणि बघणारा म्हणतो रिच आहे.

एअर फिल्टरचं मात्र मनातून काढा. कार्बोरेटरच्या काळात कोंदलेला फिल्टर म्हणजे रिच गाडी, हे बरोबर होतं. तुमची जिप्सी मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवते. फिल्टर कोंदला तर दाब कमी होतो, तेवढंच पेट्रोलही कमी होतं. ताकद जाईल, काळा धूर सहसा येणार नाही. धुळीसाठी फिल्टर बदलत राहा, धुरासाठी नको.

याच कारणानं हवेच्या तापमानाचा सेन्सर कुठं लावलाय ते ट्यूनरला जरूर विचारा. ब्लोअर हवा दाबतो तशी ती तापते. सेन्सर ब्लोअरच्या आधी राहिला असेल आणि तो ४० अंश सांगत असेल, पण प्रत्यक्षात इंजिनात ९० अंशांची हवा जात असेल, तर ईसीयू हवा आहे त्यापेक्षा साधारण १६ टक्के दाट समजतो आणि तेवढं पेट्रोल जास्त ओततो. बूस्टमध्येच रिच असण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तुमच्या वहीत तसं दिसलं तर इकडे या, नाहीतर सोडून द्या.

आता मोजमाप. वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा) आणि त्याचा काटा असेल तर उत्तमच, सुपरचार्जर लावणाऱ्यानं तो पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. पण तोवर तुमच्या जवळच्या पेट्रोल पंपाबाहेर एक चांगलं यंत्र उभं आहे, पीयूसीचं. तुमच्या वर्षाच्या पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम. त्या माणसाला सांगा, सर्टिफिकेट नको, आकडे हवेत, आणि नळी खरोखर सायलेन्सरच्या आत घाल. (काही ठिकाणी ती नळी सायलेन्सरपर्यंत पोचतच नाही, गाडीचा फोटो तेवढा पोचतो.) एकदा थंड इंजिनावर, एकदा वीस किलोमीटर फिरून आल्यावर मोजा. मोनॉक्साइड तीन-चार टक्क्यांवर असेल तर गाडी नक्की रिच. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन भरमसाट, तर गाडी रिच नाही, मिसिंग मारतेय. थंडीत वाईट आणि गरम झाल्यावर ठीक, तर वॉल्व्हवर शिक्कामोर्तब. दोन्ही वेळा वाईट, तर हेडर आणि रेग्युलेटर.

ज्यांच्या गाड्या साधारण २०१३ नंतरच्या आहेत त्यांचं काम सोपं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) बघायचा. आकडा उणे १५-२० वर अडकला असेल तर ईसीयूला कळलंय की पेट्रोल जास्त आहे आणि तो कमी करतोय. पण धूर काळा आणि ट्रिम अधिकमध्ये, तर ईसीयू कोणाच्या तरी सांगण्यावरून स्वतःच पेट्रोल वाढवतोय. चीर पडलेला हेडर आठवा.

ट्यूनरच्या १२ टक्क्यांबद्दल मी कडक बोलणार आहे. ती फाइल टाकू नका. बूस्टमध्ये आज ११.८ चं प्रमाण असेल, त्यातून १२ टक्के पेट्रोल काढलं की ते १३.४ वर जातं. सकाळचा धूर थोडा कमी दिसेल, तुम्ही खूश व्हाल, आणि एप्रिलमध्ये सालबर्डीकडे चढताना पिस्टनची रिंग बसते ती कडा फुटेल. रिच गाडी खिसा रिकामा करते आणि इंजिन हळूहळू झिजवते. बूस्टमधली लीन (पेट्रोल कमी पडणारी) गाडी एका चढात इंजिन उघडायला लावते. आधी थर्मोस्टॅट, हेडर, नळी दुरुस्त करा. त्यानंतरही रिच राहिली तर वाइडबँडच्या नोंदी घेऊन ट्यूनरकडे जा आणि म्हणा, थंड इंजिनाचा भाग बांधून द्या. तेवढाच.

चुलतभावाला सांगा, इथेनॉलचा मुद्दा उलट्या बाजूनं खरा आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. २० टक्के मिश्रणाचं प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बांधलेली फाइल नव्या पेट्रोलवर थोडी लीन होते, रिच नाही. अ‍ॅव्हरेज किंचित घटतं हे त्याचं म्हणणं बरोबर, पण दहावरून सहा इथेनॉल करत नाही. वरून १२ टक्के काढायचा धोका यामुळं अजून वाढतो.

सगळ्याआधी मात्र एक काम आजच करा. इंजिन ऑइलची पट्टी काढा, पातळी बघा, वास घ्या. इतके महिने थंड आणि रिच चाललेल्या गाडीत पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी न भरता वाढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. शिवाय तेच पेट्रोल गरम झाल्यावर वाफ होऊन ब्रीदरमधून परत इंजिनात जातं आणि गाडी आणखी रिच होते. म्हणून ऑइल बदलल्याशिवाय घेतलेल्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नका. आणि गाडी बागेत वाळल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ लावू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो नेहमीपेक्षा जास्त तापतो, आणि जिप्सीखाली गवताला तो लागायला वेळ लागत नाही.

राहिली वडिलांची गोष्ट. ते भंगार म्हणतात तेव्हा बहुधा धुराबद्दल बोलत नसतात, खर्चाबद्दल बोलत असतात, आणि तो तुम्ही पत्रात एका शब्दानंही लिहिला नाहीत. त्यांच्या बाजूनं एक मुद्दा मलाही मांडावा लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. तुम्ही ब्लोअर ठेवावा की काढावा हे मी सांगणार नाही, पण हा हिशेब घरात लपवून ठेवून ठरवू नका. आणि काढायचा झालाच, तर इंजेक्टर आणि वरचा ईसीयूही सोबत काढावा लागेल. नुसता ब्लोअर काढून मोठे इंजेक्टर ठेवले तर मिस्त्रींचा उपाय धूर वाढवेल.

हेडर तपासायला दुसरा माणूस लागतोच. वडिलांना बॉनेटपाशी उभं करा, कपडा तुम्ही धरा. थर्मोस्टॅटसोबत नवं गॅस्केट आणायला विसरू नका, जुनं परत बसवलं की तिथून पाणी झिरपतं. आणि पीयूसीच्या दोन्ही पावत्या, थंडीची आणि गरमची, मला पाठवा.